पान अठरा, डावा डोळा

बैस. ती मांजर उठवलीस तरी चालेल.
टोलेडोहून एवढी गाडी हाकत आलास
एका बाईला एक डोळा दाखवायला?
राहू दे, प्लॅस्टिकच्या पेटीतून काढू नकोस,
पेटीला माझ्या घरापेक्षा जास्त किंमत आहे म्हणालास ना.

अंक सदतिसावा. हो, मीच रंगवला.
म्हणजे मी आणि आणखी अकराजणी,
ब्रिजपोर्टच्या विटांच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर.
आधी तिथं कॉर्सेट शिवत;
फळ्यांच्या फटींतून टाचण्या निघायच्या,
फिलोमिना त्या डबीत जमवायची, का ते विचारायचं राहूनच गेलं.

रंगवला म्हणते खरी, पण रंग आम्ही पाहिलाच नाही.
पारदर्शक फिल्म, आणि तिच्यावर एकच लेप, गंजासारखा:
पिवळ्यासाठी तोच, निळ्यासाठी तोच, रक्तासाठीही तोच.
समासात पेन्सिलीनं लिहिलेलं, वाय-टू, आर-थ्री,
आम्ही भरत जायचो.
आभाळ कुठल्या रंगाचं झालं ते
दोन-तीन महिन्यांनी कळायचं, कोपऱ्यावरच्या दुकानात,
दुकानदारानं फुकट चाळू दिलं तर.

तर तो तुमचा ग्राहल.
त्याच अंकात पहिल्यांदा आला.
सतरा पानं नुसती चाहूल:
बंदरातलं पाणी मागं सरतं, बोटी चिखलात कलंडतात,
कुत्री भुंकायची थांबतात.
तुमचा झगेवाला हिरो छाती काढून उभा, बडबड करतोय, करतोय.
आणि मग पान अठरा. पूर्ण पान.
ग्राहल नुसता उभा आहे.
मूठ नाही उगारलेली, तोंडातून एक शब्द नाही.
डोळ्यांसमोर समासात लिहिलेलं: कोरे ठेवा.
दोन्ही.

तू सांगितलंस ते सगळं ऐकलं मी.
डाव्या डोळ्यात त्यानं एक सूर्य गिळून ठेवलाय,
त्यावर पुढं चाळीस अंक निघाले,
पोरं हॅलोविनला एकाच डोळ्यावर पिवळा कागद चिकटवतात.
छान आहे. मला सुचलं नसतं.

शुक्रवार होता. मिसेस ड्रिस्कॉलला कळलं तेव्हा
प्लेटा छापखान्यात गेलेल्या.
ती ओरडली, "सबादोश!", सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं,
आणि वहीत लिहिलं: चूक.
अंकाची किंमत बारा सेंट.
माझे पंधरा कापले.

तूही तेच लिही, चूक. सोपं पडेल.

आमचे आपु, म्हणजे माझे वडील, पितळेच्या गिरणीत होते.
लेथवरून कीस उडाला आणि डावा डोळा गेला.
कंपनीनं काचेचा दिला, जरा पिवळट,
तपकिरी संपलेत म्हणाले.
त्यानंतर ते घरी आले की कुणाला काही बोलले नाहीत.
हातही उचलला नाही कधी, आईशपथ.
नुसते टेबलापाशी बसायचे,
आणि सूप बशीतल्या बशीत मागं सरल्यासारखं वाटायचं.
आम्ही तिघी बहिणी चमचे खाली ठेवायचो.
चांगला डोळा ताटात असायचा,
तो दुसरा मात्र आमच्याकडे.

तर त्या शुक्रवारी माझ्यासमोर फिल्म,
तिच्यावर एक भलामोठा माणूस, गप्प,
आणि सांगतात काय, तर डोळे कोरे ठेवा.
असं कसं कोरे ठेवायचं?

ब्रश भिजवला. पूर्ण वाय, शंभर टक्के.
हात थरथरला नाही.

दुकानात आपुंनी तो अंक उचलला होता एकदा.
पान अठरापाशी थांबले.
मग जागच्या जागी ठेवला, अगदी सरळ,
आणि मला म्हणाले, दूध घ्यायचंय ना?

आण ते इकडे, दिव्याखाली धर.
हे बघ, इथं, खालच्या पापणीपाशी
पिवळा रेघेबाहेर सांडलाय, राईएवढा.
दिसतोय?
तेवढा मात्र चुकून.