फर्मा

साडेचारशे इंच रुंदीचा टॉवेल.
लेबलावर ठळक छापलाय, बारकोडसकट,
आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
पॅकिंगची माणसं पोट धरून हसतायत.
"मॅडम, ह्यानं कुणाला पुसायचं? हत्तीला का?"
गड्डम मालक हसत नाहीत.
ट्रक दारात उभा आहे,
ड्रायव्हरचा दुसरा चहा चाललाय.

मी फायली उघडते.
ऑर्डरची, मागाची, पॅकिंगची, बिलाची.
चारही ठिकाणी मीच लिहून ठेवलेलं
टॉवेल म्हणजे काय:
लांबी, रुंदी, रंग, नग.
एकदा लिहिलं, मग नुसतं उतरवलं,
शेजारणीच्या वहीतून गृहपाठ उतरवावा तसं.
गेल्या महिन्यात गिऱ्हाइकानं वजनही मागितलं.
ऑर्डरच्या फाइलीत लांबीच्या पाठोपाठ
मी वजन बसवलं,
बाकी तिघींना सांगायचं राहिलं.

पॅकिंगनं आपलं जुन्या हिशोबानं वाचलं.
दुसऱ्या घरात रुंदी राहते,
म्हणजे तिथं जे आहे ती रुंदी.
कुणी खोटं बोललं नाही.
कंपायलरनं हूं की चूं केलं नाही,
तो एका वेळी एकीलाच विचारतो
आणि एकटी असताना
प्रत्येक फाइल शहाणीच असते.

विडी घरकुलात आमच्या दारापाशी
एक पत्रा असायचा, बोटाएवढा.
तेंदूच्या पानावर ठेवायचा,
कडेकडेनं कात्री फिरवायची.
एका उन्हाळ्यात बालामणी अक्काचा पत्रा हरवला.
तिनं डालड्याच्या झाकणातून नवा कापला, नजरेनं.
तिच्यावरून नरसव्वानं,
नरसव्वावरून अंबुबाईनं.
जवभर फरक, प्रत्येक वेळी जवभर.
शनिवारी चेकरनं अंबुबाईची
मूठ मूठ विडी मोडून छाटात टाकली.
ती तिथं रडली नाही. आमच्या ओट्यावर येऊन रडली.
अम्मानं आपला पत्रा
सुतळीनं चौकटीच्या खिळ्याला बांधला.
"इथं येऊन कापा की. घरी न्यायचा नाही.
आणि कापलेल्यावरनं दुसरा कापायचा नाही."

मी पाचवी फाइल काढते.
तिला काम काही नाही, ती चालत नाही, मोजत नाही,
तिच्यात फक्त एवढंच, की टॉवेल म्हणजे हे.
चौघींमधलं जुनं पुसून
प्रत्येकीच्या डोक्यावर एक ओळ: तिच्याकडे बघ.
पाचवीच्या उंबऱ्यावर पहारा:
एकदा सांगून झालं असेल तर परत सांगायचं नाही.
(अम्माला हे शेवटपर्यंत जमलं नाही.)
पत्त्यांची एक फाइल मधेच कुरकुरते.
तिला टॉवेल आतून बघायचाच नाहीये.
तिला म्हटलं, टॉवेल नावाचं काहीतरी आहे
एवढं ठाऊक असू दे, पुरे.
मला करीमनगर असंच ठाऊक आहे,
अम्माचं माहेर,
नाव तेवढं.

आता इथं एक अक्षर हललं
की चौघी पुन्हा पहिल्यापासून बांधायच्या.
बांधते. ड्रायव्हरचा तिसरा चहा होतो.
तीस बाय साठ, साडेचारशे वजन, निळा.
मालक लेबल उजेडात धरून बघतात,
एक हूं देतात. ट्रक जातो.

रात्री घरी आले तेव्हा
खिळ्यावरचा पत्रा सुतळीसकट काढला.
अम्मा गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता.
कडा इतक्या गुळगुळीत की बोट घसरतं.
वीस वर्षं कात्र्या त्याला घासून गेल्या.
कपाटात कारखान्यानं दिलेला मूळचा एक होता,
कोरा, कधी न वापरलेला.
दोन्ही एकावर एक ठेवले.

जवभर.

म्हणजे अख्खी गल्ली
हळूहळू, सगळी मिळून, एकसारखी चुकत गेली,
आणि छाट कुणालाच लागली नाही.

लॅपटॉप पुन्हा उघडला.
पाचवी फाइल
पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली.