भारा

चितार ओळीत मे महिन्यात माती
दर दोन तासांनी तहानते.
ओलं गोणपाट, वर प्लास्टिक, त्याच्यावर बापाचं जुनं धोतर,
तरी दुपारी चारला नाकाच्या शेंड्याला तडा.

ऑर्डर प्रसूतिगृहाची. उंची सात फूट.
विषय : मातृत्व. भाव : प्रसन्न.
माध्यम : फायबर, वरून ब्राँझचा रंग.
निम्मी रक्कम उद्घाटनानंतर.
सोबत नमुना म्हणून कॅलेंडरचं एक पान,
गोरी आई, कापसाचं बाळ.

माझ्या हातांना गणपती येतात, गौरी येतात,
पोळ्याचे बैल तर झोपेतही.
एका वर्षी बापासोबत मारबतीचे डोळे रंगवले होते,
गावाची सगळी रोगराई घेऊन जळायला निघालेल्या बाईचे.
‘प्रसन्न करू का?’ विचारलं होतं.
बाप म्हणाला, ‘उघडे कर. पुरे.’

बाळ मात्र पडत होतं.
सळई वाकवली, तार दुप्पट केली,
आईचा डावा हात त्याच्याखाली असा ठेवला, तसा ठेवला,
पंजा थोडा मोठाच केला.
सकाळी शटर उघडावं
तर बाळ फरशीवर, कुशीवर,
आणि आईचा हात हवेत,
प्रसन्न.

सयत्रा मेश्राम तणस घेऊन येते.
मूर्तीच्या पोटात भरायला लागते ती.
आठवड्यातून दोन खेपा, डोक्यावर भारा,
भाऱ्याखाली चेहरा अर्धाच दिसतो.
मी पाच वर्षं तणस मोजून घेतली,
तिच्याकडे पाहिलं त्या दिवशी.

दोन्ही हात वर, भाऱ्याला.
कमरेला पोरगं.
कुठलाच हात त्याला नाही.

‘अगं, धरतेस कशी याला?’

‘मी कुठी धरतो वं?
थेच धरते मले.’

पोरानं दोन्ही गुडघ्यांनी तिची कंबर आवळलेली,
एका मुठीत ब्लाउजची बाही,
दुसऱ्या हातात अर्धा पारले,
आणि तो निवांत रस्त्यावरची म्हैस बघतोय.
तिचं डावं माकडहाड इतकं बाहेर गेलेलं
की कुठल्याही शाळेत शिकवलेलं प्रमाण चुकावं.

तिला उभं राहा म्हटलं. ‘किती वेळ?’
म्हटलं, तासभर. भारा असू दे.
तिनं रोजी विचारली, मी सांगितली,
तिनं वीस रुपये वाढवून मान हलवली.

त्या रात्री कूलरमधलं पाणी संपलं तरी मी उठले नाही.
हात तोडले, वर लावले.
कंबर तिरकी केली.
बाळाच्या गुडघ्यांत सगळी सळई घातली, सगळा जोर तिथंच.
पहाटे गोणपाट काढलं.
बाळ होतं.

समिती आली. तिघं, एक छत्री.
‘बाळाला आईचा हात नाही?’
‘नाही.’
‘आई बाळाकडे बघत नाही?’
‘तिला रस्ता ओलांडायचाय.’
अध्यक्ष बोपचे साहेबांनी घाम पुसला. म्हणाले,
‘बाकी ठीक. पण डोक्यावरचा तो भारा काढा.
गरिबी दिसते.’

निम्मी रक्कम बाकी होती.
भारा काढला.
हात तसेच ठेवले, वर.

आता ती उभी आहे फाटकापाशी, ब्राँझच्या रंगात.
कुणी म्हणतं आशीर्वाद देते,
कुणी म्हणतं ऑटो थांबवते.
वॉर्डातली एक ताजी बाळंतीण खिडकीतून बघून म्हणाली,
‘आळस देऊन राह्यली बिचारी, देऊ द्या.’

सयत्रा पाहायला आली उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी.
पोरगं आता चालणारं, चबुतऱ्यावर चढलं.
तिनं मूर्तीला एक फेरी मारली.
नाकाकडे नाही पाहिलं, डोळ्यांकडे नाही.
‘माहा भारा कुठी गेला?’

मी मूर्तीच्या पोटावर बोटानं वाजवलं.
फायबर पोकळ वाजतं. ही वाजली नाही.
चबुतऱ्यावर बसवायच्या आदल्या रात्री
खालून सगळी तणस भरली होती,
तिचीच, शेवटच्या खेपेची.

तिनंही वाजवून पाहिलं. दोनदा.
मग पदर खोचत म्हणाली,
‘मंग त्या भाऱ्याचे पैसे रायले ना, मॅडम.’

साठ रुपये.
मी पर्स उघडली.