धार लावायचा दगड

धुळ्यापासून इथवर सगळा बसाल्ट.
गाडीच्या काचेतून तोच काळा, थरावर थर, वळणामागे वळण,
आणि अक्राणीच्या या उतारावर
ठुमाबाईच्या ओट्याला टेकून
एकच दगड गुलाबी.

मधोमध खोल. विळ्यांनी चाटून चाटून
जुन्या बाजेसारखा झोळ आलेला.
कुठला? म्हटलं.
खालचा, म्हणाली. हात नर्मदेकडे.

तिला विचारूनच कोपऱ्याचा टवका उडवला,
ताज्या बाजूला थुंकी लावली.
भिंग डोळ्याला, दगड भिंगाला, पाठ उन्हाला.
हेमांगी वळवी वही उघडून उभी.

क्वार्ट्झ?
आहे. काचेचा चुरा. फुटेल तसा फुटतो, त्याला सरळ बाजू माहीत नाही.
आणि हे गुलाबी?
वळव. अजून थोडा. थांब.

लखकन् एक इवलं पान उजळलं,
आरशाच्या टिकलीएवढं. विझलं.
शेजारचं उजळलं.

फेल्डस्पार, सर!
मोज.
तिने दोनदा मोजले. शंभरात एकतीस.

फेल्डस्पार हळवा असतो.
पाण्याने फार दिवस हातात घेतला की त्याचा शाडू होतो.
लांबचा प्रवास त्याला सोसत नाही,
आणि याच्या तर कडाही अजून बोचतात.
म्हणजे डोंगर जवळ होता. ग्रॅनाइटचा.
उभाच्या उभा, घाईने ढासळणारा,
आणि खाली पडलेलं लगेच पुरलं गेलं.
किंवा हवाच कोरडी असेल.
दोन्ही लिही. पुढे प्रश्नचिन्ह.

हेमांगीने मान वर केली.
सातपुडा होता, मोहाची झाडं होती, एक शेळी होती.
कुठे आहे तो डोंगर?

मी बोटाने टवका दाखवला.
ती हसली नाही. लिहून घेतलं.

अमळनेरला आई म्हणायची,
काय इचारस तू दगडस्ले?
ठुमाबाई तेही म्हणाली नाही.
भादी कापायला आली होती,
तिला तिचा दगड हवा होता.

मांडीखाली दाबून तिने त्यावर लोटीभर पाणी ओतलं
आणि विळा ओढला. खर्र. पुन्हा खर्र.
पात्याखालून फिकट लाल गाळ निघाला,
दगडाच्या ओठावरून ओघळला,
अंगणाच्या काळ्या मातीत शिरला.

लाव्हाच्या आधीपासून चुकवलेलं पाणी
शेवटी लोटीतून आलं.

टवका माझ्या खिशात आहे.
नमुना क्रमांक सात.