कोरा फिल्टर

निवृत्तीला अकरा दिवस उरले असताना
मी फ्रीझर रिकामा करायला घेतला.
उणे वीस अंशात तीस वर्षांची हवा,
फॉइलच्या पुड्यांमध्ये.
प्रत्येकीवर तारीख, ठिकाण, किती तास, किती लिटर.
ओडेल पिशवी धरून उभा. म्हणाला, सगळ्या?
मी म्हटलं, थांब, आधी वाचू दे.

डॅडी, तुम्ही विचारायचात,
हवा खाऊन पोट भरतं का गं, लोरीना?
भरलं. घराचे हप्तेही फिटले.

तुम्ही एकोणतीस वर्षं डोंगराच्या आत,
मी तितकीच डोंगराच्या वर,
टॉवरच्या शिडीवर, कमरेला पट्टा बांधून.
खाली केंटकीची ओकची झाडं
भर दुपारी घामासारखं काहीतरी सोडत असायची,
डोळ्यांना न दिसणारं.
ऊन ते मोडायचं, पुन्हा जोडायचं,
आणि संध्याकाळी सगळ्या कड्यांवर
तो निळा धूसर पडदा.
आजी त्याला देवाचा श्वास म्हणायची.
मी त्याचं वजन करायची,
मायक्रोग्रॅममध्ये.

चुकाही केल्या.
तीनशे पंचावन्नवर एक शिखर यायचं,
उंच, सुबक, कुठल्याच यादीत नसलेलं.
दोन उन्हाळे त्याच्यामागे घालवले.
मनातल्या मनात त्याला नाव देऊन झालं,
परिषदेसाठी निळा ब्लाउजही घेतला.
शेवटी निघालं काय,
तर माझ्याच हाताचं क्रीम.
तेव्हापासून माझे हात हिवाळाभर फुटतात.

आणि एक गोष्ट तुम्हाला सांगायची टाळत होते.
झाडं एकटी एवढा धूर करत नाहीत.
नदीकाठच्या वीजघरात तुमचा कोळसा जळायचा,
त्याचं गंधक वाऱ्यावर इथवर यायचं,
आणि झाडांनी सोडलेलं ते अदृश्य काहीतरी
त्याला धरून बसायचं.
मला एकाच रेणूत दोघं सापडली,
ओकचा कार्बन आणि खाणीतलं गंधक.
अखेर सांगितलं, तर तुम्ही हसलात,
म्हणालात, म्हणजे त्यात माझाही हातभार.
मग खोकला आला, तो बराच वेळ थांबला नाही.

आमच्यात एक कोरा फिल्टर असतो.
त्याला बाकीच्यांसारखंच भट्टीत भाजायचं,
चिमट्यानं उचलायचं, डोंगरावर न्यायचं,
पंपाला बसवायचं, पण पंप सुरू करायचा नाही.
तसाच काढून परत आणायचा.
न मागता त्याला जे चिकटलं असेल
ते बाकी सगळ्यांतून वजा करायचं.
पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते.
त्यांना कंटाळा येतो.

खालच्या कप्प्यात, बर्फात रुतलेली
एक पुडी निघाली:
एप्रिल सत्त्याण्णव, पोर्च, टॅकेटांचं घर.
आठवलं.
तुमच्या खिडकीखाली मी पंप लावला होता.
पहाटे बघते तर बंद,
आणि तुम्ही खुर्चीत, नाकात नळी,
अगदी निर्लज्जपणे जागे.
म्हणालात, मला इथे पुरत नाही
आणि हा मेला रात्रभर
माझ्याआधी ओढून घेतोय.

वहीत मी लिहिलं होतं:
पंप बंद. कारण: डॅडी. किती वाजता, माहीत नाही.

म्हणजे नमुना बाद.
लिटर माहीत नाहीत, तास माहीत नाहीत.
कोराही म्हणता येत नाही त्याला,
भरलेलाही नाही.
फॉइल उघडून चिमट्यानं दिव्यासमोर धरला.
पांढरा. कडेला अंगठ्याएवढा करडा डाग,
चुलीचा, सिगारेटचा, नाहीतर कुणाचा.
यंत्रात घातला तर कळेल.
यंत्रात घातला तर जळेल.

ओडेलनं पिशवी पुढे केली,
मग माझ्याकडे बघून
हळूच खाली ठेवली,
आणि जेवणाच्या डब्यातून स्वतःचं सँडविच काढून घेत
बर्फाची थंडगार पिशवी मोकळी करून दिली.