काठावरची माती

ओमाणी सांबरेकर पहिल्यांदा आले तेव्हा
खताच्या पिशवीत चार किलो माती,
बरोबर मेलेल्या चट्ट्याच्या मधली.
कडोलीहून फटफटीच्या टाकीवर ठेवून, बाराच्या उन्हात.
मी म्हटलं, काका, यात काही मिळायचं नाही.
"का ओ? सगळं जळून गेलंय की तिथं."
म्हणून तर.

मूळ मेलं की तिथून ते निघतात.
माती घ्यायची ती काठावरची,
जिथं बटाट्याचं पान नुसतं फिकं पडलंय,
दुपारी मान टाकतं, सांजेला पुन्हा उचलतं.
वीतभर खोल, मुळांसकट,
नागमोडी चालत वीस ठिकाणची, घमेल्यात कालवून
त्यातली दोन ओंजळी. सावलीतनं आणा.
जिवंत आणा.

"म्हंजे चोर जित्ता पायजे तुमास्नी."
होय. मेलेला कागदावरच राहतो,
जिवंत तेवढा वळवळत खाली उतरतो.

गुरुवारी बसनं आले. जेवणाच्या डब्यात माती,
डब्याला ओलं फडकं, डबा मांडीवर.
नरसाळं, जाळी, जाळीवर पातळ कागद,
खाली रबरी नळी, नळीला चिमटा.
पाणी मातीला खालून टेकेल एवढंच.
मग दोन रात्री काही करायचं नसतं.
माझ्या कामातला हा भाग मला आवडतो.

शेजारच्या नरसाळ्यात दस्तगीरभाईंचं मैदान.
पेल्यानं कापावी तशी हरळीची गोल गुडदी,
वरचं गवत अजून विंचरलेलं.
"पानी दिया, युरिया दिया, रुसलीच हाय,
शनवारी म्याच हाय, म्याडम."
बटाट्याचं रान आणि क्रिकेटचं मैदान
एकाच फळीवर, एकाच टपटपीत.
चिठ्ठ्या मी पिशवीच्या बाहेर बांधते.
आत घातली की ओल आधी नाव खाते.

फॉर्म कानडीत. मी भरते, आकडे इंग्रजीत,
किड्याचं नाव लॅटिन, सही मराठी वळणाची.
ओमाणी विचारतात, आपल्यात ह्याला काय म्हणत्यात?
सूत्रकृमी, मी म्हणते, आणि माझं मलाच
पुस्तकातून वाचल्यासारखं वाटतं.
हिरेमठ मॅडम आतून म्हणतात, जंतुहुळा.
ते मान हलवतात. त्यांच्याकडं
मुळाला गाठी आल्या, एवढंच होतं.
रोगाला नाव होतं. करणाऱ्याला नव्हतं.

शनिवारी सकाळी चिमटा सैल केला.
ओमाणींनी भिंगाला डोळा लावण्याआधी टोपी काढली.
"केसाचा तुकडा हाय ह्यो."
मग गप्प.
मग, "हललं की ओ."
मी गाठ चिरून दाखवली: आत मादी, पांढरी,
मोत्यापेक्षा बारीक, मान तेवढी लांब,
आयुष्यभर एकाच जागी बसून खाणारी,
मागं चिकात तीनशे अंडी.
"लेकुरवाळी," ते म्हणाले. बाजूला झाले नाहीत.

मोजणीयंत्राचा खटका माझ्या अंगठ्याखाली.
दोनशे ग्रॅमला चारशे अडतीस.
दस्तगीरभाईंचे वेगळे, घड्याळाच्या कमानीसारखे वळलेले,
थोडेच. हरळी जगेल, गवत जरा उंच ठेवा.
ओमाणींना सांगितलं, बटाटा दोन वर्षं नको,
उन्हाळ्यात खोल नांगरा, निंबोळी पेंड घाला, झेंडू लावा.
"झेंडू," ते म्हणाले, आणि हिशोब करत
बोटांची पेरं मोजू लागले, दसऱ्यापर्यंत.

जाताना दारात थांबले.
"आणि आमची माती?"
ती आम्ही टाकतो, काका. वाफवून, मग टाकतो.
"टाकू नका. वाफवा आणि द्या."
चाळीस मिनिटं ते बाकावर बसले,
कुकरच्या शिट्ट्या मोजत.
डब्यात भरून दिली. कोमट होती.
त्यांनी झाकण उघडून वास घेतला,
नाक मुरडलं,
"शिजली," म्हणाले,
आणि डबा मांडीवर घ्यायला
बसकडे गेले.