कुठून आले जी

दसऱ्याला दोन दिवस असताना
मी बाकं उचलून व्हरांड्यात रचतो,
एकावर एक, पाय आभाळाकडं.
सहा वर्ग मोकळे होतात.
सातव्याला कुलूप : तिथं खिचडीचे तांदूळ
आणि एक ग्लोब, ज्याचा आफ्रिका पोरांनी खरवडून काढलाय.

काचीपुऱ्यामागची ही मनपाची शाळा.
बावीस वर्षं चाव्या माझ्या कमरेला.

मग ते येतात.
अजनीला उतरून चालत,
ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उकिडवे,
पांढऱ्या लुगड्याच्या काठावर चार जिल्ह्यांची धूळ घेऊन.
ऑक्टोबरचं ऊन असतं, नळाला पाणी जेमतेम.
मी दाराशी टेबल टाकून बसतो.
रजिस्टरात रकाने चार :
नाव. माणसं किती. कुठून. सही किंवा अंगठा.

कुठून आले जी?
उदगीर.
बिदर.
बालाघाट, साहब, दो दिन लगे.
आम्ही अहेरीकडच्या, लिहा ना तुम्ही, तुम्हाले माहीत हाय.

ही गिरजाबाई दुर्गे. दर सालची.
तिच्यासाठी शाईचा पॅड मी आधीच उघडून ठेवायचो.
परवाच्या साली तिनं पॅड बाजूला सारला,
पेन मागितला,
आणि नाव लिहायला बसली.
रांग फाटकापर्यंत गेली, फाटकाबाहेर गेली,
कोणी म्हटलं नाही, चला आटपा.
ज उलटा निघाला. तो तसाच आहे, पान सत्तेचाळीस,
ऑडिटवाल्यानं विचारलं तर दाखवीन.

रात्री वर्गात पाय ठेवायला जागा नसते.
फळ्यावर सरांचा भागाकार अर्धाच राहिलेला,
चारशे सदतीस भागिले चार,
पुसू नको म्हणाले होते, सुट्टीनंतर पुढं घेऊ.
त्याच्याखाली म्हातारे घोरतात, लेकरं रडून झोपतात,
कोणी हळू आवाजात पंचशील म्हणतं
आणि मध्येच विचारतं, पुरी उरली का गं?

सकाळी वर्ग झाडताना पाहिलं,
भागाकार पुरा झालेला.
एकशे नऊ. बाकी एक.
कोणी केला, कळलं नाही.

जाताना गाठोडी येतानापेक्षा जड.
नारळ नाही, अंगारा नाही,
वीस-वीस रुपयांची पुस्तकं, प्लास्टिकच्या पिशवीला गाठ मारून.
गिरजाबाईचं डोक्यावर.
म्हणते, नातू वाचते, मी आयकते.

आणि मी?
त्या दिवशी मी कधी गेलो नाही.
मैलभर अंतर. पण चावी कोणाकडं द्यायची?
बायको म्हणायची, तुमचं घर देवळाच्या पायरीवर अन् तुम्ही उपाशी.
मी म्हणायचो, देऊळ नाही ते.
ती म्हणायची, मग तर जाच.

गेलो शेवटी.
फेब्रुवारीतला मंगळवार, अर्धी रजा टाकून.
मैदान रिकामं. एक माळी पाइप धरून उभा,
दोन कॉलेजची पोरं सावलीत डबा खात बसलेली.
इतकं शांत, की मला वाटलं चुकीच्या दिवशी नाही,
चुकीच्या गावात आलो.

फाटकाशी गार्ड. नवीन पोरगा, मिसरूड फुटलेलं.
मोबाईलवरून मान न उचलता म्हणाला,
कुठून आले जी?

बावीस वर्षं मी विचारत होतो,
मला कोणी विचारलं नव्हतं.
तोंडाशी आधी शाळा आली,
मग आमची गल्ली,
मग बाप ज्या मिलमध्ये बॉबिन बदलायचा ती मिल,
जी आता नाही.
बाप. पवनीहून चालत आला होता,
दुसऱ्याचा पांढरा सदरा घालून,
बाह्या बोटांखाली लोंबत.
सदरा परत करायला गेलाच नाही.
आम्ही सगळे त्या न गेल्यातून झालो.

पवनीहून, मी म्हटलं.
छप्पन साली निघालो. पायी.

पोरानं आता मान वर केली,
माझ्या केसांकडं पाहिलं, मग पायांकडं.
चपला तिकडं ठेवा काका, म्हणाला,
रॅकवर. दुसऱ्या खणात.