सातवा गट

सोहारच्या प्रयोगशाळेत रात्री दोनला
सेंट्रिफ्यूज घरघरतो, दळण सरत आल्यासारखा,
आणि मी नळ्यांना बारकोड चिकटवत बसते.
लांब बंदरावर जहाज भोंगा देतं.
जमजम अल-बलुशी कहवा ओतते,
खजुराची बी रुमालात गुंडाळून विचारते,
झोपले का गं तुझे विषाणू?

झोपायला आधी जागं असावं लागतं, जमजम.
हे दारात पडलेल्या चिठ्ठीसारखे,
कुणी उचलून वाचेपर्यंत नुसता कागद.

मिरजेला आमचे खांडेपारकर सर सांगायचे,
त्याला गाव विचारू नका, कुणाला छळतोस विचारू नका,
विचारा, पोटात काय आणलंस?
डीएनए की आरएनए?
एकपदरी की दुपदरी?
धागा सुलट वाचायचा की उलट?
आणि अंगावर चरबीची शाल आहे, की तसाच उघडा आलास?
एवढ्यावर त्याचं कूळ लागतं.
(सोयरीक जमवताना याच्या दसपट चौकशी होते
आणि तरी फसायला होतं, हेही सरच म्हणायचे.)

असे सात गट.
सहा घोकून पाठ केले, सातवा आपोआप राहिला:
डीएनए घेऊन येतो, आरएनए होतो,
मग उलट्या हाताने लिहीत लिहीत
पुन्हा डीएनए होऊन निघतो.
जायचं-यायचं तिकीट काढलेला.

नळी चारशे एक्केचाळीस.
गोताड तुषार भिवा. वय चोवीस. वेल्डर.
जिल्हा रत्नागिरी.
हिपॅटायटिस बी, पृष्ठभागाचं प्रतिजन: आढळले.
पुन्हा लावली. आढळले.
तिसऱ्यांदा लावायची गरज नव्हती, लावली.
ताज्या संसर्गाची खूण मात्र कुठेच नाही.
म्हणजे जुना. बहुधा जन्माच्या वेळचा,
आईने नकळत दिलेला.
यकृताचे आकडे बरे आहेत. डोळे पांढरेशुभ्र असणार.
काल रांगेत उभा राहून त्याने बाही वर केली असेल
तेव्हा फार तर सुईची भीती वाटली असेल.

साखरप्याच्या बाजारामागे एक गुरव
कावीळीची माळ द्यायचा.
मुळीचे तुकडे दोऱ्यात गाठवलेले,
डोक्यावर टोपीएवढं कडं ठेवायचं,
रात्रीतून ते गळ्यात यायचं, मग बेंबीपर्यंत.
माळ वाढली, कावीळ उतरली, म्हणायचे लोक.
गाठी सैल होत असाव्यात.
मीही घातली होती, सातवीत. बरी झाले होते.
ती कावीळ वेगळी, आपली आपण जाणारी,
हे कळायला मला मिरज गाठावी लागली.

इथलं यंत्रही माळच वाढवतं.
एकाचे दोन, दोनाचे चार,
फेरीमागून फेरी रेघ जमिनीलगत सरपटते
आणि एकविसाव्या फेरीला
फणा काढते.
फरक इतकाच, ही माळ वाढली
की कावीळ उतरत नाही, माणूस उतरतो,
विमानातून, जिथे चढला होता तिथेच.

पेशीच्या गाभ्यात तो विषाणू कडं होऊन बसलाय,
टोक नाही, शेवट नाही,
त्याला कुणी मुदत विचारत नाही.
मुदत तुषारला होती, दोन वर्षांची,
शिक्का अजून उमटायचा होता.
विषाणूला सात खाने. तुषारच्या अर्जावर दोनच,
योग्य, अयोग्य.
मी दुसऱ्यात खूण केली. माझ्याच पेनाने.

मग रिपोर्टला टाचणीने एक चिठ्ठी लावली,
नियमात बसत नाही,
पोचेल की वाटेत गळेल, माहीत नाही:
आईची तपासणी करा. भावंडांचीही.
ज्यांना नाही त्यांना लस मिळते.
यकृताच्या डॉक्टरांकडे जात राहा, गोळ्या आहेत.
हा आजार जेवणातून, भांड्यातून लागत नाही.
त्याचं ताट वेगळं मांडू नका.

जमजम चिठ्ठी हातात घेते,
सवयीने उजवीकडून सुरू करते,
अडते,
आणि डोळे दुसऱ्या टोकाला नेते.